खटका का पडतो?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला जेव्हा सांगितले की यंदा वर्धापनदिनाला तुम्ही दोन शब्द बोला, तेव्हा मी त्यांना म्हटले, "अहो, मी काय बोलणार? पुरणपोळीवर बोलू का?" त्या म्हणाल्या, "पुरणपोळी आम्हा सगळ्यांना येते. तुमच्या गच्चीवरच्या सोलरचे काय रामायण झाले होते, ते सांगा." म्हणून आज उभी राहिले आहे. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. विजेचे शास्त्र मला येत नाही. परंतु माझ्या घरात जे घडले आणि त्यातून मला जे उमगले, तेवढे मात्र मी सांगू शकेन. काही चुकले तर सांभाळून घ्यावे.

सन २०२४ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारची सूर्यघर योजना निघाली. तीन किलोवॅटच्या संचाला ७८,००० रुपये अनुदान, हे आपण सर्वांनीच ऐकले. आपल्या तासगावात उन्हाला काही तोटा नाही. उन्हावर बेदाणा वाळवणारे आपण, तर उन्हावर दिवे का लावू नयेत, असे ह्यांनी मनात घेतले आणि त्या वर्षी दिवाळीनंतर आमच्या गच्चीवर सहा प्लेटी बसल्या. दिवसाला साधारण १२ युनिट वीज होऊ लागली. पहिली दोन बिले पाहून सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली.

मग आला एप्रिल. ऊन वाढले म्हणजे वीजही वाढेल, असा आमचा हिशेब. पण बिल आले ते वाढून. ह्यांनी जिन्याखाली जाऊन इन्व्हर्टर पाहिला, तर तो बंद. बाहेर भिंतीवर सोलरची पेटी आहे, तिच्यातला खटका खाली पडलेला होता. आपण ज्याला एमसीबी म्हणतो, तोच हा खटका. ह्यांनी वर केला, सोलर सुरू झाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा खाली.

इथे एक गोष्ट सांगून ठेवते. सोलरचा खटका पडला तरी घरातले दिवे जात नाहीत, कारण घराला रस्त्यावरच्या तारेची वीज मिळतच असते. पंखा फिरतो, फ्रिज चालतो, आणि आपल्याला वाटते की सर्व ठीक आहे. भर दुपारची वीज, म्हणजे दिवसाच्या कमाईतला मोठा वाटा, फुकट जातो आणि कळते ते महिन्याने, बिल आल्यावर. म्हणून ज्यांच्या घरी सोलर आहे त्यांनी दुपारची झाकपाक झाली की एकदा त्या पेटीकडे नजर टाकावी. आम्ही तशी टाकत नव्हतो.

आता आळ कोणावर आला? तर माझ्या घरघंटीवर. आपल्यातल्या बऱ्याच जणी माझ्याकडे दळण आणतात. एक अश्वशक्तीची ती घरघंटी मी भिशीच्या पैशातून घेतली. तिच्यावर मुलीच्या शिकवणीचे पैसे निघतात. एका रविवारी हे घरी होते. मी ज्वारी दळत होते आणि त्याच वेळी ह्यांना खटका खाली दिसला. झाले! "तुझ्या त्या घरघंटीनेच हे होतंय. एवढी मोठी मोटर, खटका पडणारच," असे ह्यांनी ठरवून टाकले. शेजारच्या काकूंनी दुजोरा दिला. वायरमननेही मान डोलावली. माझ्याजवळ बोलायला काही नव्हते. घरघंटी बंद ठेवली. पंधरा दिवस बंद होती. दळणाचे डबे दुसरीकडे गेले. त्यातल्या दोघी अजून परत आलेल्या नाहीत. त्यांना मी दोष देत नाही, घरात पीठ तर लागतेच.

पण घरघंटी बंद केल्यावरही तिसऱ्या दिवशी खटका पडला. ह्यांना सांगितले, तर म्हणाले, "इस्त्री लावली असशील." इस्त्री लावली नव्हती. तेव्हा मात्र मला राग आला, आणि रागाच्या भरात मी एक चांगले काम केले. मुलीची जुनी वही घेतली आणि रेघा ओढून पाच रकाने केले. तारीख. खटका किती वाजता खाली दिसला. आकाश कसे होते. त्या वेळी घरात काय चालू होते. आणि वर केल्यावर टिकला का. दर अर्ध्या तासाने मी पेटीपाशी फेरी मारू लागले. मुलगी म्हणाली, "आई, तू पोलीस झालीस." मी म्हटले, "झाले तर झाले."

एकोणीस दिवसांची ती वही मी आज बरोबर आणली आहे. कोणाला पाहायची असेल तर चहाच्या वेळी पाहावी. त्यात असे निघाले. एकोणीस दिवसांत अकरा दिवस खटका पडला. अकराही वेळा तो दुपारी बारा ते दीडच्या दरम्यान पडला. दोन दिवस ढगाळ होते, त्या दोन्ही दिवशी पडला नाही. पंधरा दिवसांनंतर मी मुद्दाम घरघंटी सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला चालवून पाहिली, तेव्हा एकदाही पडला नाही. आणि एका रविवारी, सगळी मंडळी लग्नाला गेलेली असताना, मी घरातले एकूण एक बटण बंद केले, फ्रिजसुद्धा. आणि पेटीसमोर स्टूल टाकून बसले. एक वाजून दहा मिनिटांनी, घरात काहीही चालू नसताना, माझ्या डोळ्यांदेखत खटका खाली आला. त्या क्षणी मला इतका आनंद झाला की काय सांगू! नुकसान होत होते, पण माझ्या घरघंटीवरचा आळ गेला होता.

चोर सोडून संन्याशाला फाशी कशी दिली होती, तेही मला मग समजले. गच्चीवरून येणारा पाइप मी बोटाने धरधरून खालपर्यंत पाहिला. प्लेटींपासून इन्व्हर्टर, इन्व्हर्टरपासून ती भिंतीवरची पेटी, आणि पेटीतून घराच्या मेन बोर्डाला. म्हणजे त्या पेटीतल्या खटक्यातून फक्त गच्चीवरची वीज उतरते. रानात विहिरीचे पाणी एका पाटाने येते आणि कालव्याचे दुसऱ्या पाटाने. पिकाला पाणी जास्त लागले म्हणून विहिरीच्या पाटाला पूर येत नाही. विहिरीची मोटर जेवढे पाणी देईल तेवढेच त्या पाटातून येणार, उरलेले कालव्याच्या पाटातून. तसेच हे. आमचा तीन किलोवॅटचा संच फार तर १३ अँपिअर वीज देतो. ३००० ला २३० ने भागले की हा आकडा येतो, भागाकार सातवीपर्यंत झालेला आहे. मी घरघंटी लावली काय किंवा दहा घरघंट्या लावल्या काय, त्या खटक्यातून १३ च्या वर वीज जाणारच नाही. घरघंटीने पडायचा तर घरातल्या बोर्डावरचा तिचा खटका पडेल. सोलरचा कशाला पडेल?

मैत्रिणींनो, म्हणून पहिली गोष्ट हीच पाहायची, की पडला तो खटका कोणाचा. घरातला की सोलरचा. तेवढे न पाहता दोष देत सुटले की आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

आता दोष घरघंटीचा नाही एवढे ठरले, पण मग कशाचा? मी वही वायरमनला दाखवली. त्याने ती चाळली आणि म्हणाला, "वहिनी, सोपं आहे. १६ चा खटका आहे तो काढतो आणि ३२ चा बसवतो. मग पडतोय कशाला?" ह्यांनाही पटले. थोडक्यात काम होत होते. मला मात्र एकदम माझ्या मामांचा गोठा आठवला.

माझे माहेर कवठेमहांकाळ तालुक्यातले. आमच्या लहानपणी घरोघर चिनी मातीचे फ्यूज असत. वीज जास्त झाली की आतली बारीक तार वितळायची आणि अंधार व्हायचा. मग कोणीतरी काडी पेटवून नवी तार गुंडाळायचे. मामांच्या गोठ्यातल्या दिव्याचा आणि कडबा कुट्टीच्या मोटरचा फ्यूज सारखा जाई. कंटाळून कोणीतरी तिथे जाड तार गुंडाळली. त्यानंतर फ्यूज कधी गेला नाही. सगळे खूष. पण फ्यूज टिकला म्हणजे वीज कमी झाली असे थोडेच? ती तेवढीच जात होती आणि आढ्याला लावलेली वायर तापत होती. एका रात्री कडब्याने पेट घेतला. माणसे वाचली. दावणीला बांधलेले वासरू वाचले नाही. मी आठ-नऊ वर्षांची असेन, पण तो वास अजून माझ्या नाकात आहे.

म्हणून मी वायरमनला विचारले, "दादा, ३२ चा बसवला तर आतली वायरही बदलणार का?" तो म्हणाला, "वायर काय करायची बदलून? वायर आहे तीच." मी म्हटले, "मग नको." ह्यांच्याशी माझे त्या दिवशी बरेच बोलणे झाले, ते इथे सांगत नाही. पण मी खटका बदलू दिला नाही. खटका खाली ठेवला आणि ज्यांनी सोलर बसवले त्यांना फोन लावला. फोनवर नुसते "बिघडले आहे" असे न म्हणता वहीच वाचून दाखवली. आणि सांगितले, माणूस पाठवाल तो बारा वाजता पाठवा, सकाळी येऊन उपयोग नाही. कारण डॉक्टर येतो तेव्हा पोराचा ताप उतरलेला असतो, हा अनुभव आपणा सर्व आयांना आहेच.

माणूस आला. तरुण होता, पण शिकलेला आणि नम्र होता. त्याने खटका वर करून सोलर सुरू केले आणि चिमट्यासारखे मीटर वायरीभोवती धरले. वीज १२ अँपिअरच्या थोडी वर होती, म्हणजे प्रमाणात होती. मग त्याने सगळे रीतसर बंद करून पेटी उघडली. आत खटक्याच्या एका बाजूचा स्क्रू सैल होता. तिथे वायरीचे टोक काळे पडले होते आणि वरचे लाल आवरण तपकिरी होऊन तडकले होते. पेटी बाहेरच्या भिंतीवर, उन्हात. दार उघडल्याबरोबर चुलीसारखी वाफ आली.

त्याने मला जे समजावून सांगितले ते माझ्या शब्दांत सांगते. खटक्याच्या आत दोन पहारेकरी असतात. एक म्हणजे दोन वेगवेगळ्या धातूंची जोडून केलेली पट्टी. तापली की दोन्ही धातू सारखे वाढत नाहीत, त्यामुळे पट्टी वाकते आणि खटका पाडते. हा पहारेकरी सावकाश काम करतो, थोडी जास्त वीज बराच वेळ गेली तर जागा होतो. दुसरा असतो तारेचे वेटोळे. दोन वायरी एकमेकींना चिकटल्या, म्हणजे शॉर्ट झाले, की तो निमिषात खटका पाडतो. म्हणून खटका वर करताक्षणी फाटकन पडला तर शॉर्ट समजावे आणि पुन्हा हात लावू नये. तास-दोन तासांनी पडत असेल तर उष्णतेचे कारण शोधावे. आमची पट्टी विजेने थोडी तापत होती, उन्हाने आणखी तापत होती, आणि सैल स्क्रूपाशी जी धग होती तिने पुरती तापत होती. खटक्यावर १६ लिहिलेले असते ते ३० अंशांच्या हवेला धरून. आमच्या पेटीत मे महिन्यात त्याहून किती जास्त असेल याचा आपण अंदाज करावा.

म्हणजे खटका खोटा पडत नव्हता. वायर जळू लागली आहे, हे तो बिचारा अकरा वेळा सांगत होता आणि आम्ही त्यालाच काढून टाकायला निघालो होतो. तो तरुण ह्यांना म्हणाला, "काका, ३२ चा बसवला असता तर खटका पडला नसता, पण पेटी पेटली असती." हे काही बोलले नाहीत. जळके टोक कापून वायरीला नवे टोक बसवले, स्क्रू आवळले, त्या वायरीला झेपेल असा आणि इन्व्हर्टरच्या पुस्तकात लिहिलेला २० चा नवा खटका घातला, आणि पेटी जिन्याखाली सावलीत आणली. त्यानंतर आजतागायत तो खटका दुपारी पडलेला नाही. त्या संध्याकाळी ह्यांनी काही न बोलता गव्हाचा डबा स्वतः उचलून घरघंटीपाशी आणून ठेवला. मी काय ते समजले.

इथे गोष्ट संपली असती तर मी मोठी शहाणी ठरले असते. पण पुढे माझीही चूक झाली, तीही सांगितली पाहिजे.

त्या वर्षी, म्हणजे २०२५ साली, पाऊस मे महिन्यातच आला. आणि सकाळी सोलर सुरू होईना. या वेळी खटका वरच होता. इन्व्हर्टरवर तांबडा दिवा लागे आणि दहा-अकराला तो आपोआप सुरू होई. सगळे म्हणाले, ढग आहेत, ऊन नाही, म्हणून उशीर होतो. मीही तेच म्हटले. वही पेटीत ठेवून दिली होती. याच दिवसांत एकदा सासूबाई गच्चीवर लुगडे वाळत घालून खाली आल्या आणि म्हणाल्या, "अगं, त्या दांडीला हात लावला की मुंग्या येतात." मी म्हटले, "आई, तुमचे हात वयामुळे सुन्न होतात, दोन दिवस तेल चोळून देते." तेल चोळूनही दिले.

वाळवणाची दोरी मी सोलरच्या लोखंडी सांगाड्याला बांधलेली होती. आयती दांडी मिळाली, म्हणून.

चार दिवसांनी त्या पुन्हा म्हणाल्या. तेव्हा माझ्या डोक्यात काहीतरी खटकले. मी वही काढली. दोन-चार दिवसांतच दिसले की कोरड्या ढगाळ सकाळी सोलर वेळेवर सुरू होते, आणि रात्री पाऊस होऊन सकाळी लख्ख ऊन पडले तरी उशिरा सुरू होते. म्हणजे कारण ढगाचे नव्हते, पाण्याचे होते. मी तसाच सासूबाईंना आणि मुलीला गच्चीवर जायला मज्जाव केला, सोलर बंद करवले आणि फोन लावला.

तोच तरुण आला. त्याने रबरी हातमोजे घातले आणि मीटर लावून पाहिले. प्लेटींच्या खाली एक वायर खारीने कुरतडली होती, तिचे उघडे तांबे सांगाड्याला टेकत होते. दुसऱ्या बाजूला दोन वायरींचा जोड गच्चीवर लोंबत पावसाच्या पाण्यात पडला होता. आणि सांगाड्यापासून जमिनीत जाणारी अर्थिंगची पट्टी सुटलेली होती. एप्रिलमध्ये गच्चीला गळतीचा थर देण्याचे काम झाले, तेव्हा कोणीतरी ती सोडली आणि परत लावली नाही. सहा प्लेटी एकीला एक जोडल्या की अडीचशे-तीनशे व्होल्ट होतात. ओली गच्ची, अनवाणी पाय, ओले लुगडे आणि तो सांगाडा. सासूबाई एवढ्यावर वाचल्या ही देवाची कृपा. माझ्या अंगावर काटा आला. इन्व्हर्टर रोज सकाळी सुरू होण्याआधी वीज जमिनीत झिरपते का हे तपासतो, आणि झिरपत असेल तर सुरूच होत नाही. तो सांगत होता, सासूबाई सांगत होत्या, आणि मी तेल चोळत होते. घरघंटीवर खोटा आळ आला म्हणून मी एवढी चिडले, आणि म्हाताऱ्या माणसाच्या बोलण्यावर मीच वयाचा आळ घातला. त्या दिवशी मी त्यांच्या पाया पडले. त्या एवढेच म्हणाल्या, "आता दोरी दुसरीकडे बांध."

आता ज्यांच्या घरी सोलर आहे किंवा येणार आहे त्यांच्यासाठी चार कामाच्या गोष्टी सांगते.

खटका पडला की आधी वास घ्या आणि डोळ्यांनी पाहा. जळका वास, काळा डाग किंवा चरचर आवाज असेल तर हात लावू नका. तसे काही नसेल तर हात आणि पाय कोरडे करून, चप्पल घालून, एकदाच वर करा. पुन्हा पडला तर खालीच राहू द्या आणि जाणत्या माणसाला बोलवा. काडी खोचून किंवा चिकटपट्टी लावून खटका वर धरून ठेवू नका.

घरातल्या बोर्डावर टी हे अक्षर असलेले छोटे बटण ज्याला असते, तो खटका वेगळा. वीज कुठे अंगातून किंवा ओल्या भिंतीतून जमिनीत झिरपली तर तो पडतो. घरात बसवतात तो बहुधा ३० मिलिअँपिअरचा असतो, म्हणजे एका अँपिअरचे शंभर भाग केले तर त्यातले तीन भाग. तो पडला तर सगळे बारके खटके खाली करा, गिझर, मिक्सर, फ्रिज यांच्या पिना नुसत्या बटणाने बंद न करता काढूनच ठेवा, मग मोठा वर करा आणि एकेक बारका वर करत या. ज्याच्यावर पडेल त्या वाटेवर दोष आहे. आणि महिन्यातून एकदा ते बटण दाबून पाहा. दाबल्यावर खटका पडला पाहिजे. पडला नाही तर पहारेकरी झोपला आहे असे समजा. हा खटका सारखा पडतो म्हणून तो काढूनच टाका, असा सल्ला कोणी दिला, तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

रस्त्यावरची वीज गेली की बॅटरी नसलेले आपले सोलरही बंद पडते, मग ऊन कितीही असो. तो बिघाड नव्हे. खांबावर लाइनमन काम करत असतो, आपल्या गच्चीवरची वीज उलटी जाऊन त्याला लागू नये म्हणून तशी योजना आहे. तोही कोणाचा तरी मुलगा आहे. तसेच कधी भर दुपारी खटका वर असूनही इन्व्हर्टर थोडा वेळ थांबतो आणि पुन्हा लागतो. बाहेरच्या तारेचा दाब वाढला की असे होते. हे सारखे होऊ लागले तर वेळा लिहून वीज कार्यालयात द्याव्यात.

शेवटची आणि महत्त्वाची. प्लेटींकडून येणाऱ्या वायरी ऊन आहे तोवर जिवंत असतात. घरातला मेन बंद केला तरी त्या बंद होत नाहीत. घरातली वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, म्हणून तिची ठिणगी लवकर विझते. प्लेटींची वीज तशी येत नाही, तिची ठिणगी लांबत जाते आणि धरून राहते. म्हणून चालू सोलरचे जोड कधीही ओढून काढू नका. बंद करायचे तर आधी घराच्या बाजूचा खटका खाली आणि मग प्लेटींच्या बाजूचा. पेटी उघडणे आपले काम नाही. आपले काम पाहण्याचे आणि लिहून ठेवण्याचे.

आणि ते आपणाला चांगले जमते. दूध केव्हा नासते, पीठ कोणत्या हवेत आंबते, कोणते मूल कशाने रडते, हे आपण लक्षात ठेवतोच. तेच लक्ष त्या भिंतीवरच्या पेटीकडे द्यायचे. माणसे मला म्हणतात, तुम्हाला विजेतले कळते. मला काही कळत नाही. मी फक्त कोण केव्हा पडले ते लिहून ठेवले.

माझी मंडळाला एक विनंती आहे. आपण श्रावणात मंगळागौरीचे खेळ घेतो, संक्रांतीला हळदीकुंकू करतो. यंदा पावसाळ्याच्या आधी एका दुपारी एखाद्या जाणत्या वायरमनला बोलावून प्रत्येकीला आपल्या घरचा बोर्ड ओळखायला शिकवावा. कोणता खटका कशाचा, एवढे जरी प्रत्येकीने कागदावर लिहून बोर्डाशेजारी चिकटवले तरी पुष्कळ झाले. मुलींना आणि सुनांनाही दाखवावे. आणि हळदीकुंकवाचे वाण म्हणून यंदा एकेक वही द्यावी, रकाने मी आखून देईन.

 घरघंटी सुरू आहे, हे जाता जाता सांगते. इतके बोलून मी आपली रजा घेते.